दुसरा खडा

कलकत्त्याहून परत आले तेव्हा कारखान्यातल्या बायकांनी मला घेरलं. काय काय पाहिलंस? मी म्हटलं, हावड्याचा पूल टॅक्सीतून पाहिला. गंगा रोज पाहिली, तिकडे तिला हुगळी म्हणतात. कालीमातेला बाहेरूनच हात जोडले, कारण आत लांब रांग होती आणि माझा जीव घरी, बहिणीपाशी. मग एवढे दिवस तिकडं केलंस तरी काय, असं म्हणून त्या आपापल्या कामाला लागल्या.

त्याचं उत्तर उभ्याउभ्या देण्यासारखं नव्हतं, म्हणून बसून लिहिते आहे. सहावीत शाळा सुटली तेव्हापासून माझ्या हातात पेन आलं ते पोत्यांवर गावांची नावं घालण्यापुरतं. कुठे वाक्य अडखळलं तर सांभाळून घ्यावं.

आधी आमच्या कामाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं. अकलूजजवळ आमच्या गावात खडीसाखरेचा लहानसा कारखाना आहे. साखरेचा पाक करायचा, दूध घालून त्याचा मळ काढायचा, आडवे दोरे ओवलेल्या भांड्यांत तो ओतायचा, वर गोणपाट टाकायचं आणि खोलीचं दार ओढून घ्यायचं. पुढचं काम म्हणजे काही न करणं. धक्का लागला, दार आपटलं, की खडे बारीक पडतात, दोऱ्याला धरत नाहीत. ‘पाक झोपलाय’ म्हणतो आम्ही. त्या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नाही, पाय उचलून टाकत नाही, सगळ्या घासत चालतात. भांडी उघडली की पहिला खडा देवापुढे ठेवायचा आणि दुसरा, गावात जो कुणी आजारी असेल त्याच्या घरी द्यायचा. हे कुणी सुरू केलं ते आमच्या मालकीणबाईंनाही ठाऊक नाही.

गेलं वर्ष संपत आलं तेव्हाचा दुसरा खडा मी मागून घेतला आणि पुडीत बांधून कलकत्त्याला नेला. माझ्या धाकट्या बहिणीसाठी, शोभासाठी.

गार्डन रीच

शोभाचे यजमान रमेशराव केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत. बदल्या होत होत ती दोघं कलकत्त्यात गार्डन रीचला स्थिरावली. सरकारी क्वार्टर, दोन खोल्या, मागच्या खिडकीतून नदीवरच्या जहाजांची शिडं नाहीत पण क्रेनच्या माना दिसतात. सकाळी जहाजबांधणीच्या कारखान्याचा भोंगा झाला की शोभा बोट लागल्यासारखं म्हणायची, उठा, कोकण आलं. हा तिचा जुना विनोद. आमच्या दोघींपैकी कोकण कुणीच पाहिलेलं नाही.

तिला रक्ताचा कॅन्सर आहे. पण गोळीवर राहणारा. रोज गोळी घ्यायची आणि संसार करायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि काही वर्षं तिने तसा केलाही. दुर्गापूजेला शेजारणींबरोबर रात्रभर फिरली, गौरी-गणपतीला पुरणाचा घाट घातला. मग दिवाळीनंतर रक्ताचे आकडे चढायला लागले. गोळी तीच, वेळ तीच, आणि गोळीचं काही चालेना. असं का, ते शोधायला तिचं रक्त तपासणीला गेलं होतं आणि रिपोर्ट यायचा होता. रमेशराव कधी कुणाकडे काही मागत नाहीत. त्यांनी फोन केला आणि म्हणाले, “अक्का, तुम्ही येऊ शकाल का?” तेवढ्यावरून मी समजले.

मी मुळात भित्री. गॅस बंद केला की नाही हे तीनदा पाहणारी. तिथे गेल्यावर तर शोभाने कूस बदलली तरी मी उठून बसायची. ती मला हसायची. म्हणायची, बारा महिने साखरेत असतेस अक्का, आणि तोंड बघ कसं कारल्यासारखं. तिला अन्नाची शिसारी यायची. मी नेलेला खडा मी फोडून दिला. एक कण जिभेखाली धरला की मग दोन घास वरणभात जायचा.

समोरच्या बंगाली वहिनी, त्यांना सगळे बौदी म्हणतात, रोज काही ना काही पाठवायच्या. थंडीचे दिवस, त्यामुळे खजुराच्या रसाचा नवा गूळ बाजारात आला होता. त्याची तांदळाची खीर त्यांनी वाटीभर आणली. मी जन्मभर उसाच्या गोडात वावरले, पण हा वास मला नवा होता, धुरकट आणि ओला. आजाऱ्याच्या घरी आपल्याकडे लोक फळं आणतात आणि बसून राहतात. तिथे बौदी दारातूनच वाटी द्यायच्या, शोभाच्या गालाला हात लावायच्या आणि निघायच्या. पहिल्यांदा मला ते तुटक वाटलं. नंतर कळलं, आजारी माणसाला आपल्यासाठी उठून बसावं लागू नये म्हणून.

वैदेही मला तिथेच भेटली. तिचे वडील बँकेच्या बदलीवर गेले आणि तिथलेच झाले. ती जन्मली कलकत्त्यात. मराठी बोलते, पण एकेक शब्द शोधून, पुढचा सापडेपर्यंत थांबते. एका संशोधन संस्थेत आहे. शोभाला ती लहानपणापासून काकू म्हणते. एका संध्याकाळी आली तेव्हा मी विचारलं की तू काम काय करतेस. ती म्हणाली, कॅन्सरच्या औषधांसाठी स्फटिक वाढवते. मी म्हटलं, आम्हीही वाढवतो. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग मी पुडी उघडून दोऱ्याला धरलेला खडा दाखवला. तिने तो दिव्यापुढे धरला, कडा पाहिल्या आणि किती दिवस लागतात, खोली किती गरम ठेवता, असं सगळं विचारलं. जाताना म्हणाली, “मावशी, माझी खोली बघायला या ना.”

मी नको म्हणत होते. शोभानेच मला ढकललं. मला जाता यावं म्हणून रमेशरावांनी एक दिवस रजा काढली.

सियालदह

बजबजहून येणारी लोकल आम्ही माझेरहाटला धरली. बायकांच्या डब्यात माझ्या हिरव्या काचेच्या बांगड्या बघून एका बाईंनी विचारलं, कुठल्या तुम्ही? त्यांच्या हातात शंखाची पांढरी आणि पोवळ्याची लाल बांगडी. गळ्यात काही नाही. मी माझं मंगळसूत्र दाखवलं, त्यांनी भांगातला शेंदूर दाखवला. भाषा नसताना तेवढं बोलणं झालं.

सियालदहच्या बाहेर घाऊक बाजार आहे. डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं वाट मागत धावतात, आणि ती थांबू शकत नाहीत हे कळेपर्यंत एक धक्का बसतोच. मलाही बसला. फुलकोबीच्या पाटीने माझा चष्मा उडाला. काच शाबूत राहिली, दांडी वाकली. पुढे मी वैदेहीच्या पर्सचा पट्टा धरून चालले. एका किराणा दुकानात काळपट तांबडे खडे दिसले आणि माझे पाय थांबले. ताडाच्या रसाची खडीसाखर. तिकडे तिला ताल मिछरी म्हणतात आणि खोकल्याच्या माणसाला देतात. मी दुकानदाराला हिंदीत विचारलं, आजाऱ्यालाच का? तो म्हणाला, धडधाकट माणसाला काय, तो काहीही खाईल. मला इतकं बरं वाटलं. एवढ्या लांब येऊन आपलीच रीत सापडली.

तेच डोक्यात घेऊन मी पुढे गेले. पुढे जे झालं ते त्यामुळे झालं.

थंड खोली

संस्थेत मला पांढरा कोट दिला, चपला बदलायला लावल्या. एका दारापाशी येऊन वैदेही हळू आवाजात म्हणाली, इथे जरा सावकाश चला हं मावशी. तिने सांगायच्या आधीच माझे पाय घासत चालायला लागले होते. खोली गार, एकसारखी गार. भिंतीला कपाटं, कपाटांत प्लास्टिकच्या चपट्या ताटल्या. आप्प्यांच्या भांड्याला असतात तसे ताटलीला खळगे, पण एकेक मसुराएवढा. प्रत्येक खळग्यात एक थेंब. प्रत्येक थेंबाचं मीठ वेगळं, आंबटपणा वेगळा. बहुतेक थेंबांत काही होत नाही, असं ती म्हणाली. काही दह्यासारखे फुटतात, काही नुसतं पाणीच राहतात. महिनोन्महिने असं चालतं आणि मग एखाद्या थेंबात खडे धरतात.

तो थेंब तिने भिंगाखाली ठेवला. माझ्या वाकड्या चष्म्याने आधी काही दिसेना. चष्मा काढला, तिने भिंगाचं चाक फिरवलं, आणि दिसलं. काळोखात पाच-सहा खडे. धारदार कडा, आतून उजेड. तिने काहीतरी वळवलं तसे ते निळे झाले, मग केशरी. मी इतकी वर्षं खडे काढते, असे पाहिले नव्हते.

मी हात जोडले. आमच्याकडे भांडं उघडलं की जोडतो तसे. आणि मला वाटलं, हेच ते. हेच औषध. गोळीत हेच घालत असतील. मी वैदेहीच्या कानाशी जाऊन म्हटलं, “यातला एक खडा माझ्या शोभाला मिळेल का?”

पलीकडे एक मुलगा काम करत होता. त्याने बंगालीत विचारलं की बाई काय म्हणाल्या. वैदेहीने त्याला सांगितलं नाही. ती हसलीही नाही. तिने माझा कोपर धरून मला स्टुलावर बसवलं आणि शब्द शोधत राहिली.

“मावशी, हे औषध नाही. ज्याच्यामुळे काकू आजारी आहेत ना, ते हे.”

माझे हात अजून जोडलेलेच होते. ते कुठे ठेवावेत मला कळेना.

मग तिने मला समजावलं. तिच्याकडे मराठी शब्द थोडे, माझ्याकडे शिक्षण थोडं, त्यामुळे सांगणं सोपंच झालं. आपल्या अंगातल्या पेशींत प्रोटीनं असतात आणि त्यांतली काही दिव्याच्या बटणासारखी, कधी चालू, कधी बंद. शोभाच्या रक्तात एक बटण चालूच राहिलं आहे. ते पेशींना सांगत राहतं, वाढा, वाढा. त्या प्रोटीनला एक खोबण आहे. गोळी जाऊन त्या खोबणीत बसली की बटण बंद. पण खोबण कशी आहे ते पाहायचं कसं? एकटं प्रोटीन कुठल्या भिंगातून दिसण्याइतकं मोठं नसतं. म्हणून ते वेगळं तयार करून, स्वच्छ करून, थेंबात निजवायचं. असंख्य प्रोटीनं एकसारखी रांगेत उभी राहिली की खडा होतो. त्या खड्यावर एक्स-रे सोडायचे. फोटोत येतात ते नुसते ठिपके, रांगोळीच्या कागदावर टोचून ठेवतात तसे. आणि ठिपक्यांवरून गणित करून आकार काढायचा.

तो आकार तिने मला कॉम्प्युटरवर दाखवला. सुटलेल्या फेट्यासारख्या पट्ट्या, आणि मधे खोबण. त्यात शोभाची जुनी गोळी बसलेली, अगदी बेतून शिवल्यासारखी. मग तिने दुसरं चित्र लावलं. प्रोटीन म्हणजे मण्यांची माळच, असं ती म्हणाली. सगळं तसंच, पण खोबणीच्या तोंडाशी जिथे लहान मणी होता तिथे जाडा मणी.

मी विचारलं, बाकी काय बदललं? ती म्हणाली, बाकी काही नाही. एवढ्याने गोळी अडते. मी मघाशी पाहिलेले खडे या जाड्या मण्याच्या प्रोटीनचे होते.

शेवटच्या चित्रात जाडा मणी तिथेच होता आणि तरी एक गोळी आत होती. तिचा मधला भाग सुईसारखा बारीक आणि ताठ. मण्याला खेटून ती आत शिरली होती. मी म्हटलं, ही तू केलीस? तिने मान हलवली. तिच्या आधीच्या लोकांनी, दूरदूरच्या देशांतल्या. पूर्वी गोळ्या करून करून पाहायच्या, लागेल ती लागेल. आता आधी खोबण पाहायची, तिला बेतून गोळी करायची, आणि मग करून पाहायची. करून पाहणं काही चुकत नाही, असं ती म्हणाली. ही सुईवाली गोळी रक्तवाहिन्यांना जड जाते, शिवाय रोग पुन्हा आकार बदलतो. म्हणून वैदेहीचं काम पुढच्या गोळीसाठी. ती तिच्या हयातीत होईल का, हेही तिला सांगता येईना.

“काकूंचा बदल हाच असेल असं नाही हं मावशी,” ती दोनदा म्हणाली.

शोभापाशी

रिपोर्ट यायचा आहे आणि मी बहिणीच्या रोगाला हात जोडून आले. काय भलतंच होऊन बसलं. घरी आल्यावर मी तोंड धुतलं, भात लावला, शोभाच्या नजरेला नजर दिली नाही. लहानपणापासून ती मला ओळखते. ताट पुढे ठेवलं तशी म्हणाली, जेवणार नाही, आधी सांग. मी सांगितलं.

“त्याला नमस्कार केलास?”

“केला.”

“आणि माझ्यासाठी त्याचाच खडा मागितलास?”

मी होकार दिला आणि शोभा हसायला लागली. किती दिवसांनी. हसता हसता तिला खोकला आला, रमेशराव पाणी घेऊन धावत आले, त्यांनाही तिने हातवारे करून सांगितलं, आणि ते बिचारे हसावं की नाही या विचारात उभे. मग तिने पदराने डोळे पुसले.

“कसा दिसतो गं, अक्का?”

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, सुंदर आहे.

“असेल. एवढी वर्षं माझ्याजवळ राहिला आणि मी पाहिला नाही. तू पाहिलास ते बरं झालं.”

एवढं बोलून तिने ताट ओढून घेतलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बोलावलं. रिपोर्ट इंग्रजीत. डॉक्टर हिंदीत सांगू लागले की औषध जिथे जाऊन बसतं तिथली एक जागा बदलली आहे. शोभा माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “जाडा मणी?” मी मान हलवली. तोच होता. ज्याला मी पाहून आले होते तोच. डॉक्टर थांबले, आम्हा बहिणींना काय कळलं ते त्यांना कळेना. मग त्यांनी सांगितलं की नेहमीच्या गोळ्या आता उपयोगाच्या नाहीत, एक आहे जी या बदलावर चालते. कमी मात्रेने सुरू करू. ब्लडप्रेशर रोज मोजायचं, छातीत दुखलं, पायाला मुंग्या आल्या तर तडक यायचं. लागू पडेलच असा शब्द ते देत नव्हते. नाही पडली तर मग मोठ्या उपचाराचा विचार.

वैदेहीकडून ऐकलेलं नसतं तर मला यातलं एक अक्षर कळलं नसतं. भीती तेव्हाही होती. पण मी चित्र पाहिलं होतं. मण्याला खेटून गेलेली सुई पाहिली होती.

गोळी आली त्या दिवशी शोभाने ती तळहातावर घेतली, उलटीपालटी केली.

“हिच्यात सुई आहे म्हणतेस ना? दिसत तर नाही.”

मी म्हटलं, ज्यांना दिसायला हवी त्यांनी पाहिली आहे. तिने गोळी गिळली आणि वर खडीसाखरेचा शेवटचा कण घेतला. मी मनातल्या मनात त्या दूरच्या लोकांना हात जोडले. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, आणि कधी कळतील असंही नाही. ज्यांच्या थेंबांत काहीच धरलं नाही त्यांनाही जोडले. वैदेही सांगत होती की ते जास्त असतात.

घरी

कामावर परतणं भाग होतं म्हणून मी निघाले. बौदींनी ताल मिछरीची पुडी बांधून दिली. वैदेही हावड्याला सोडायला आली, माझ्या चष्म्याची दांडी तिनेच सरळ करून आणली होती.

इथे आल्यावर मी रोज रमेशरावांचा फोन आला की आधी आवाजावरून अंदाज घ्यायची. शोभाला अंगावर पुरळ आलं, एकदा ब्लडप्रेशर चढलं, औषध बदलून खाली आलं. रक्ताचा मोठा रिपोर्ट यायचा होता.

तो फोन आला तेव्हा मी झोपलेल्या पाकाच्या खोलीत होते. नुकतीच भांडी ओतून झाली होती, गोणपाट नीट करायला आत गेले होते. फोन आत नेऊ नये, पण त्या दिवसांत मी तो कंबरेला खोचूनच फिरत होते. आवाज बंद होता, नुसता थरथरला. मी कानाला लावला. रमेशराव म्हणाले, “अक्का, आकडा खाली आला. बराच खाली. गेलेला नाही, पण डॉक्टर म्हणाले गोळी लागू पडली.” मागून शोभाचा आवाज आला, तिला सांगा मणी तिथेच आहे पण आता गप्प आहे.

मला ओरडावंसं वाटलं. मालकीणबाईंना, बायकांना, सगळ्यांना हाक मारावीशी वाटली. पण दोन्ही बाजूंना भांडी होती आणि पाक झोपला होता. मी फोन बंद केला. पाय घासत, एका हाताने भिंत धरत दारापर्यंत आले. दार ओढून घेतलं, आवाज न करता. अंगणात पाण्याच्या टाकीपर्यंत गेले आणि तिथे मग खाली बसले. बायका धावत आल्या. त्यांना वाटलं, काही वाईट कळलं. मला मान हलवून नाही, नाही, एवढंच सांगता येत होतं.

ती भांडी आम्ही या आठवड्यात उघडली. खडे चांगले धरले आहेत. पहिला देवापुढे ठेवला. दुसरा हातात घेऊन मालकीणबाईंनी विचारलं, तुझी बहीण तर आता सावरली, या वेळी कुणाचं नाव?

मी म्हटलं, सावरते आहे. अजून एक वेळ तिचंच राहू द्या.

त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. उद्या पोस्टाने धाडते.